ॲक्सलला बांधलेलं लाकूड

तोगोईच्या गाडीत पुढची सीट कायम रिकामी. मागे खजुराच्या पोत्यांवर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, कुणाचे पाय बाहेर लोंबताहेत, कुणी दोरीला धरून जीव मुठीत घेतलाय, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी चिटपाखरू नाही. आजाऱ्याला ती सीट नाही, पोटुशी बाईला नाही. एकदा तर प्रत्यक्ष काझीला त्याने मागे चढवलं आणि म्हाताऱ्याची पगडी वाटेत उडून गेली. आमच्या दिर्कू गावात या सीटवरून इतके विनोद झाले की शेवटी लोकांनाच कंटाळा आला.

विनोद झाले तरी संध्याकाळनंतर कुणी करत नसे. कारण त्याच्याबरोबर गेलेली माणसं परत येऊन वेगळंच सांगत. चहाला थांबला की हा एक पेला जास्त भरतो आणि सगळ्यांचं पिऊन झालं की तो वाळूत ओततो. चाकोरी सोडून भलतीकडेच गाडी घालतो, तासन् तास आडरानात भटकवतो, का म्हणून विचारलं तर मूग गिळून गप्प. आणि गाडीखालून ठक ठक आवाज येतो. पाना घेऊन सगळे नट आवळून झाले, तरी येतो.

आडवाटेने हिंडल्यामुळे त्याच्या गाडीचे हाल कुत्रा खाईना. इतरांच्या गाडीचा भार पेलणारे पोलादी पाटे वर्षानुवर्षं टिकतात, याचे दर हंगामाला तुटायचे. फिल्टरमधून ओंजळभर वाळू निघायची. गार्बा मिस्त्री म्हणायचा, तोगोई जेवत नाही, पाटेच खातो.

या तोगोईशी माझा काही संबंध नव्हता. मी कलतूमा, वार्दुगूची बायको. बायको की विधवा हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

वार्दुगू खजूर आणि मीठ भरून आगादेझला निघाला तो परत आला नाही. आगादेझला पोचलाच नाही, एवढं कळलं. गाडी सापडली नाही, माणूस सापडला नाही. तेनेरेच्या वाळवंटात गाडी हरवते तेव्हा चार दिवस लोक हळहळतात, मग बोलायला लागतात. विहिरीवर बायकांच्या गप्पांना ऊत आला. कुणाच्या तरी मामाने त्याला उत्तरेला सेब्हात पाहिलं म्हणे. तिथे त्याने गोरी बायको केली म्हणे, घर बांधलं म्हणे. मी घडा घेऊन गेले की दोरी ओढता ओढता एखादी हळूच विचारायची, सेब्हाहून काही कळलं का गं? बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. मी धरलं असतं, पण एका हातात घडा असायचा.

काझी म्हणाला, साक्षीदार नाही, मुडदा नाही, चार वर्षं थांब, मग तू मोकळी. चौथं वर्ष सरत आलं होतं, पण मला मोकळं व्हायचं नव्हतं. मेला असेल तर रडेन, पळाला असेल तर शिव्या घालीन, पण काय ते एकदा कळू दे, एवढंच मी मागत होते. अर्धं रडून अर्ध्या शिव्या घालून माणसाचे दिवस जात नाहीत.

आता हा वार्दुगू कसा होता ते सांगते. हट्टी. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही असा. प्रवासाहून आला की दारात गाडी उभी करायचा आणि मी भरून आणलेली बादली आधी रेडिएटरला पाजायचा. पोरं तहानलेली, शेळ्या ओरडताहेत, मी घामाने निथळतेय, पण आधी गाडी. मी म्हणायचे, तिच्याशीच निकाह लावायचा होतास. तो म्हणायचा, तू रुसलीस तर घरात रुसतेस, ही रुसली तर तेनेरेत रुसते.

डावखुरा होता. त्याने मारलेली गाठ कुणाच्या बापाला सुटायची नाही. उलट्या हाताने पीळ द्यायचा आणि शेपूट आत खुपसायचा. तंबूची दोरी त्याने बांधली की मला सुरीच घ्यावी लागे.

आणि एकदा त्याने माझ्या लग्नाच्या तंबूचा खांब कापला. वादळात खांब चिरला होता हे खरं, पण म्हणून त्याच्या बुंध्याचा तुकडा जॅकखाली ठेवायला घ्यायचा? वाळूत जॅक लावायचा तर खाली लाकूड लागतं, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, हे मलाही कळतं. पण जगात दुसरं लाकूड नव्हतं? मी इतकी भडकले की आमच्या उंटांना डागायची सळई तापवली आणि त्या तुकड्यावर माझ्या माहेरची खूण उमटवली. एक वेटोळं, खाली दोन रेघा. म्हटलं, जिथे जॅक लावशील तिथे माझं तोंड बघशील. तो हसला आणि लाकूड गाडीत टाकलं.

ती खूण मला गार्बा मिस्त्रीच्या गाड्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर दिसली.

मी शेळीचं दूध द्यायला गेले होते. तोगोईची गाडी खड्ड्यावर उभी, मागच्या चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलला गोणपाट गुंडाळलेलं. गार्बा कुरकुरत होता. नवे पाटे घातले, आता भार पाट्यांवर आहे, मग हा लाकडाचा ओंडका चासी आणि ॲक्सलच्या मधे ठेवायचा कशाला? पण हा बाबा हात लावू देत नाही. पाटे बदल म्हणतो, लाकूड नाही. म्हणता म्हणता त्याने गोणपाट जरा सरकवलं आणि मला एक वेटोळं आणि दोन रेघा दिसल्या.

माझ्या हातातलं दूध सांडलं. गार्बाला वाटलं, मला चक्कर आली.

तोगोई पलीकडे सावलीत बसला होता. माझ्यापेक्षा बराच मोठा माणूस. वाळू वाचण्यात त्याचा हात धरणारा आमच्या कावार मुलखात कुणी नव्हता. मी मानाने विचारलं, तोगोईदादा, हे लाकूड तुम्हाला कुठे मिळालं? त्याने वर पाहिलंच नाही. म्हणाला, वाळूत पडलं होतं. माझा पाटा तुटला होता, मी बांधून घेतलं.

कुठे, म्हणून विचारलं, तर हाताने पश्चिम दाखवली. पश्चिमेला सगळं तेनेरे आहे. मी म्हटलं, मला तिथे घेऊन चला. तो नाही म्हणेल अशी माझी खात्री होती आणि भांडायला मी पदर खोचूनच उभी होते. त्याने आधी ॲक्सलवरच्या गोणपाटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "उजाडताना निघू. तुम्ही पुढे बसा, बाई."

गार्बाच्या हातातून पाना पडला.

एकटी कशी जाणार, म्हणून दिराला घेतलं. बारका त्याचं नाव, वार्दुगूचा धाकटा भाऊ. मनाने साखर, डोक्याने सुतळी बॉम्ब. दंडाला सुरा बांधलेला, आणि भावाचं काही कळलं तर तो कुणाच्या पोटात घालायचा हे फक्त ठरायचं होतं. आमच्यात रक्ताला रक्त असतं. मी त्याला म्हटलं, लाकूड सापडलं तिथे बघायला जातोय, तू मागे पोत्यांवर बस आणि तोंड बंद ठेव. तो म्हणाला, वहिनी, वाळूत बोललं की दातात वाळू जाते, मी कशाला बोलू.

सकाळी मी पुढचं दार उघडलं, तेव्हा तोगोईने डोक्याचं फडकं काढून सीट झटकली. कुणी उठून गेल्यावर झटकावी तशी. मी बसले आणि खरं सांगते, मला अंग चोरून बसावंसं वाटलं. जागा माझ्या एकटीपुरती नव्हती.

कावारचा कडा मागे राहिला आणि रस्ता म्हणतात तो सुरू झाला. ट्रकांनी वाळूची जमीन अशी कुटलेली की पत्र्याच्या छपरावरून गाडी चाललीय असं वाटावं. सावकाश गेलं तर हाडं खिळखिळी होतात, जोरात गेलं तर गाडी. डॅशबोर्डचे स्क्रू माझ्या मांडीवर पडत होते आणि तोगोई ते न बघताच हात लांब करून घेत होता आणि खिशात टाकत होता. मग मऊ वाळू आली. टायरची हवा सोडली, पुन्हा निघालो. इंजिन तापलं की वाऱ्याकडे तोंड करून थांबायचं, बॉनेट उघडायचं, थंड झालं की चालायचं. हे सगळं मी वार्दुगूच्या तोंडून इतकं ऐकलं होतं की मीच गाडी चालवली असती.

आणि तो आवाज. पत्र्याच्या रस्त्यावर आला असता तर मी समजले असते, तिथे सगळंच वाजतं. पण तो मऊ वाळूत आला, जिथे गाडी मांजरीसारखी चालते. ठक. ठक. ठक. मग शांत. माझ्या सीटच्या खालून.

वार्दुगू निघताना डाव्या हातातल्या लोखंडी अंगठीने बॉनेटवर तीनदा ठोकायचा. चल म्हणायचा.

मी तोगोईकडे पाहिलं. तो समोर बघत होता आणि सहज, रोजच्या सवयीने म्हणाला, "अजून हवा सोडू का रे?"

त्या गाडीत पुढे मी एकटी बाई होते. तो 'रे' मला नव्हता. बोलून गेल्यावर त्याच्याही लक्षात आलं आणि त्याने ओठ असे मिटले की दुपारच्या चहापर्यंत उघडले नाहीत.  देवाचं नाव घेतलं आणि दाराकडे सरकून बसले, म्हटलं, बसायचंय तर बस बाबा.

चहाला त्याने चार पेले भरले. आम्ही तिघं. बारकाने विचारलं, चौथा कुणाचा? तोगोई म्हणाला, वाटेचा. आणि ओतला.

अशेगूरची विहीर ओलांडली, रात्री गाडीच्या आडोशाला झोपलो, आणि सकाळी त्याने चाकोरी सोडली. दक्षिणेकडे वळला. इथे ना ट्रकचं चाक, ना उंटाचं पाऊल, ना एखादा डबा. वाळूच्या लाटा आणि वर पांढरं आभाळ. तो मात्र घराच्या अंगणात फिरावं तसा वळत होता. इकडे तो खूपदा आला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. वाळूत पडलेलं लाकूड उचलायला कुणी इतक्यांदा येत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. नवा पाटा तुटला होता.

तोगोई खाली उतरला आणि उभाच राहिला. म्हणाला, इथेच. बारकाला त्याने समोरच्या टेकडावर पाठवलं, पलीकडे कडक जमीन दिसते का बघ म्हणून. मी वाट न बघता हाताने वाळू उपसायला लागले, कारण जॅक लावायचा तर खाली शिरायला जागा हवी. उपसता उपसता पाठीवर सरकत ॲक्सलपर्यंत गेले. गोणपाट फाटून लोंबत होतं. मी ते ओढून काढलं.

लाकूड माझंच. त्याच्याभोवती उंटाचं कच्चं कातडं, वेढ्यावर वेढे, लाकडाला आणि ॲक्सलला एकत्र आवळलेले. कच्चं कातडं ओलं असताना बांधतात. वाळलं की ते आवळतं आणि लोखंडाला धरून लोखंडच होतं. मग ते सुटत नाही, दुसरीकडे नेता येत नाही, फक्त कापता येतं. म्हणजे हे बांधलं ते इथेच, याच गाडीच्या याच ॲक्सलला. आणि गाठीचा पीळ उलटा होता. शेपूट आत खुपसलेलं.

पायाखालची वाळू सरकली म्हणतात. मी तर वाळूवर पाठ टेकून होते, तरी सरकली.

बाहेर आले. केसात, तोंडात वाळू. तोगोई टायरला टेकून बसला होता. त्याच्याकडे बघितल्यावर मला काही विचारायची गरजच उरली नाही. दादा, तुम्ही, सगळं माझ्या तोंडातून गळून पडलं.

"ही गाठ तू मारलेली नाहीस," मी म्हटलं. "तो जिवंत होता. तू त्याला जिवंत बघितलंस."

त्याने मान हलवली. मग सांगितलं, खालच्या आवाजात, टेकडावर नजर ठेवून. ठरलेलं भाषण असावं तसं सांगितलं. चार वर्षं त्या सीटला तेच ऐकवलं असेल.

दोघं आगादेझकडेच चालले होते, वेगवेगळे, मऊ वाळू टाळायला चाकोरी सोडून. वार्दुगूच्या पंख्याचं पातं तुटून रेडिएटरमध्ये घुसलं होतं. तोगोई आला तो पाटा तुटलेला, फरफटत. दोन मोडक्या गाड्यांतून एक धड करायची, हे वार्दुगूचंच डोकं. जॅकखालचं लाकूड त्याने काढलं. स्वतःच्या प्यायच्या पाण्यात कातडं भिजवलं आणि याच्या गाडीखाली शिरून बांधलं. म्हणाला, आता तू जा, रेडिएटर घेऊन ये, मी मालापाशी बसतो. तोगोईने त्याला एक मोठा कॅन भरून पाणी दिलं आणि म्हणाला, परवा येतो, हलू नकोस.

आमच्याकडे मदतीला जाणारा वाटेत खुणा टाकत जातो. रिकामा डबा, फुटका टायर, काहीही, पण टाकतोच, लहान पोरालाही माहीत असतं. तोगोईने टाकल्या नाहीत. "मी वाळू वाचतो, बाई," तो म्हणाला. "मला खुणा कशाला, माझीच चाकोरी धरून येईन, म्हटलं." दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि तीन दिवस थांबला नाही. पाटी पुसावी तशी वाऱ्याने चाकोरी पुसली. ज्याला सगळं तेनेरे वाचता येत होतं तो कोऱ्या पाटीवर गरगर फिरत राहिला. शेवटी जागा सापडली तेव्हा तिथे तेलाचा एक डाग होता. ना गाडी, ना माणूस.

मग त्याला वाटलं, वार्दुगूने गाडी दुरुस्त केली आणि गेला. कुठेतरी पोचला असेल. सेब्हाची अफवा ऐकली तेव्हा तोगोई म्हणे आनंदाने रडला होता. पण कुणाला सांगायची हिंमत झाली नाही. परवा येतो म्हणून न आलेला माणूस, त्याच्यावर रक्त येणारच. आणि नंतर खूप उशीर झाला. तेव्हापासून प्रत्येक खेपेला तो शोधतोय. विहिरीच्या वाटेवर, आगादेझच्या वाटेवर, उत्तरेला. गाठ कापली नाही, कारण ज्याने बांधली तो येऊन सोडेल. सीटही त्याचीच.

मला त्याच्या थोबाडीत मारायची होती. हात उचललाही. पण त्याच वेळी डोक्यात दुसरंच फिरत होतं, आणि मी हात खाली घेतला.

"पाणी त्याने प्यायलं असेल असं वाटतं तुला?" मी विचारलं. "बसून, सावलीत, घोट घोट?"

"दुसरं काय करणार?" तो म्हणाला.

पालथ्या घड्यावर पाणी, म्हटलं, याला माणूस कळलाच नाही. वार्दुगू बसणारा नव्हता. एक दिवस बसला असेल, दोन दिवस. मग वारा सुटलेला बघून त्याने ओळखलं असेल की हा आता येत नाही. रेडिएटरच्या भोकात खजूर आणि बाजरीचं पीठ कालवून लिंपलं असेल, घरी टाकीला लिंपायचा तसं. आणि कॅनमधलं पाणी आधी गाडीला पाजलं असेल. गळक्या रेडिएटरवर लांबची वाट जमत नाही. विहीर लांब पडते. मग जवळची वाट कुठली? त्याच्या आजोबांची. उंटांचा काफिला ज्या वाटेने मीठ घेऊन सरळ दिर्कूहून इथे यायचा, तीन काळ्या खडकांवरून. एक दिवस गाडी त्या वाटेने आणून दाखवीन, हे त्याचं मी लग्नापासून ऐकत होते.

तोगोई म्हणाला, त्या वाटेने गाडी जात नाही, बाई, नुसते कडे आहेत वाळूचे. वेडासुद्धा जाणार नाही.

मी म्हटलं, मी कुणाशी लग्न केलं होतं असं वाटतं तुला?

तुटलेला पाटा काढला, उरलेले आवळले. भार त्या लाकडावर घेतला आणि निघालो. बारकाला एवढंच सांगितलं की आजोबांच्या वाटेने परतायचं. एक अख्खा दिवस वाळूत चाकांखाली पत्रे घालायचे, गाडी ढकलायची, पत्रे उचलून पळायचं, पुन्हा घालायचे. क्लचचा जळका वास नाकात बसला. टायर रिमवरून सुटला, बसवला, पुन्हा सुटला. ठक ठक मात्र थांबेना, आणि आता ती मलाच चल म्हणत होती असं मला वाटत होतं. कुणी वेडी म्हणा.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना खडक दिसले. पहिले दोन ओलांडले. तिसऱ्याच्या पायथ्याशी वाळूतून गाडीचं छप्पर वर आलेलं होतं.

मी धावले नाही. चालत गेले.

बॉनेटपर्यंत वाळू होती. हातांनी उपसली. रेडिएटरवर खजूर आणि पिठाचा लपका, दगडासारखा वाळलेला, त्यावर डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. कॅन रिकामा. तो गाडीच्या सावलीच्या बाजूला होता, स्वतःची पगडी अंगावर नीट पांघरून, कुशीवर. अंगठी हातात होती. जास्त सांगत नाही.

बारका गुडघ्यांवर बसला आणि रडता रडता म्हणाला, वहिनी, बघ, गाडीसुद्धा काब्याकडे तोंड करून आहे.

"गाडी नमाज पढत नाही, बारका," मी म्हटलं. "तिकडे दिर्कू आहे."

खजुराची पोतीही त्याने टाकली नव्हती. मला इतका राग आला त्याचा. अरे, बसला असतास तर? पाणी पिऊन गप बसला असतास, तर तो उशिरा का होईना आला होता ना तिथे? मी हे मोठ्याने म्हटलं, त्याला, तोंडावर. आणि मग माझं मलाच उमगलं की मी काय बोलून बसले. बारका माझ्याकडे बघत होता. कोण आला होता, वहिनी?

तोगोई दूर उभा होता. पळाला नाही. गाडीच्या मागे गेला आणि ॲक्सलवरचं गोणपाट स्वतःच्या हाताने दूर केलं. बारकाने वाकून बघितलं. भावाची गाठ त्यालाही लहानपणापासून माहीत. तो सरळ झाला तेव्हा सुरा हातात होता, आणि तोगोईने मान खाली घातली होती, घाल म्हणून.

मी मधे गेले. धाडस वगैरे काही नाही, मला दोन खड्डे खणायची ताकद नव्हती.

"याला पुढे पाठवायचं वार्दुगूने ठरवलं," मी बारकाला म्हटलं. "आपलं पाणी कातड्यावर घातलं, आपलं लाकूड दिलं, हाताने बांधून दिलं. तुझ्या भावाचं शेवटचं काम हे आहे. ते तू मोडणार?"

बारकाने सुरा खाली घेतला.  मग तो खाली बसला, गाडीखाली सरकला, आणि आम्हाला कातड्यावर सुरा कर्र कर्र चालल्याचा आवाज आला. एकेक वेढा तुटत होता. तोगोई तोंड झाकून रडत होता. लाकूड बाहेर आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, गाडी आता बसणार. ती बसली नाही. जरा चुरचुरली आणि उभी राहिली. भार जेवढा होता तेवढा उरलेल्या पाट्यांनी कधीच घेतला होता.

लाकूड आम्ही त्याच्या उशाशी रोवलं, खूण वर करून. जिथे जॅक लावशील तिथे माझं तोंड बघशील, म्हटलं होतं मी.

मी तोगोईला माफ केलं का? नाही केलं. करणारही नाही कदाचित. त्याने ते मागितलंही नाही. चहा केला तेव्हा त्याने तीनच पेले काढले आणि चौथ्यासाठी हात पिशवीत गेला तो तिथेच थांबला. मी पेला काढला, भरला आणि लाकडापाशी ओतला. शेवटचा, म्हटलं, आता पुरे.

परतताना पुढच्या सीटवर बारका बसला. ज्याच्यावर सुरा उगारला त्याच्या शेजारी, दोघंही दगड. मी मागे पोत्यांवर. वार्दुगूची पोती आम्ही आणली होती, घरचा खजूर होता. ठक ठक आली नाही. तोगोई मात्र मधेच गाडी हळू करायचा आणि कान द्यायचा, मग पुन्हा वेग घ्यायचा. दिर्कूपर्यंत असंच.

मी घरी गेले नाही, सरळ विहिरीवर उतरले. अंगावर चार दिवसांची वाळू. त्याच बायका, तीच दोरी. कुणी काही विचारायच्या आधी मी म्हटलं, "तो घरी येत होता. गाडीचं तोंड घराकडे होतं."

दोरी ओढायची थांबली. एकीने माझा घडा भरून दिला, दुसरीने बादली. सेब्हाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

पाणी घेऊन दारात आले. तहान इतकी होती की जीभ टाळूला चिकटली होती. पण त्याची गाडी जिथे उभी राहायची तिथे पाय थांबले, आणि आधी ती बादली मी तिथे ओतली, अख्खी. वाळूने पाणी पिऊन टाकलं. मेल्या, म्हटलं, पाज आता तिला. मग तिथेच खाली बसले आणि विधवेने रडावं तशी मोठ्याने रडले. शेजारपाजारचे सगळे बाहेर आले, पोरं आली. थोरल्या लेकीने घड्यातलं पाणी पेल्यात काढून माझ्या तोंडाला लावलं आणि मी प्यायले.